जुन्या संगणकाचा चार्ज नव्या संगणकाकडे

आज लहानशा मंडळाच्या कार्यालयातही एखादा संगणक असतोच. सभासदांची यादी, वर्गणीचा जमाखर्च, गरजू विद्यार्थ्यांचे अर्ज, वधू-वर नोंदणी असे वर्षानुवर्षांचे काम त्या एका पेटीत साठलेले असते. ती पेटी थकली की देणगीतून नवा संगणक येतो आणि कोणीतरी सुचवितो, "जुन्याचा क्लोन काढून नव्यात टाका, जसेच्या तसे चालेल." आमच्या मते हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा समजावून सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

नेहमीच्या कॉपीत आपण आपली पत्रे, फोटो, तक्ते एवढेच उचलतो. क्लोनमध्ये संपूर्ण हार्ड डिस्क उतरते. विंडोज, त्यावर बसविलेले प्रोग्रॅम, सेटिंग, संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा भाग, सारे काही. त्यासाठी क्लोनझिलासारखे विनामूल्य प्रोग्रॅम आहेत. मात्र मूळ डिस्क कोणती व कोरी कोणती, हे दोनदा तपासल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. उलटसुलट झाले तर कोरी डिस्कच भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे दप्तर पुसले जाते.

आता क्लोन झाला, तरी नवे यंत्र तो स्वीकारेलच असे नाही. आम्ही बँकेतले कारकून, आम्हाला हा प्रकार बदलीसारखा वाटतो. हेड कॅशियर नव्या शाखेत गेला की त्याचा अनुभव सोबत जातो, पण तिथल्या तिजोरीच्या चाव्या निराळ्या असतात. ज्या मदरबोर्डवर विंडोज बसविली, त्याची ओळख तिने ड्रायव्हरच्या रूपाने जपलेली असते. नव्या यंत्रात डिस्क सांभाळणारी चिप वेगळी असली आणि तिचा ड्रायव्हर नसला, तर विंडोजला आपण ज्या डिस्कवर आहोत तीच सापडत नाही! निळा पडदा येतो व त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी अक्षरे उमटतात. एक्सपीच्या काळात हे वारंवार होई. विंडोज १० त्या मानाने समजूतदार आहे, बहुतेक नवे भाग ती स्वतःच ओळखते. तरीही स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलेला बरा.

दुसरी अडचण संगणक सुरू होण्याच्या रीतीची. जुनी यंत्रे बायोस पद्धतीने सुरू होत व त्यांच्या डिस्कची विभागणी एमबीआर प्रकारची असे. नवी यंत्रे यूईएफआय पद्धतीची असून त्यांना जीपीटी विभागणी लागते, आणि कित्येकांत जुनी रीत ठेवलेलीच नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी नावाचे साधन आहे. ते माहिती न पुसता विभागणी बदलते. पण जुनी विंडोज ३२ बिटची असेल तर अशा यंत्रावर ती सुरू होणार नाही.

शिवाय चाव्या. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर नवे यंत्र ४८ आकडी रिकव्हरी की मागते, म्हणून कुलूप आधीच काढावे. जुन्या संगणकासोबत आलेला विंडोजचा परवानाही सहसा त्याच यंत्रापुरता असतो.

एवढा खटाटोप करावा का? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती क्लोन करून नेणे म्हणजे नव्या घराला जुने मोडके दार बसविणे. नव्या संगणकात विंडोज ११ असेल तर केवळ फायली न्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुन्हा बसविता न येणारा जुना प्रोग्रॅम असेल तरच क्लोनचा विचार करावा.

आपल्या मंडळांत असा प्रोग्रॅम बहुधा मराठी टंकलेखनाचा असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे संकेत वेगळे असत. मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असत. नुसती फाइल नेली आणि फॉन्ट मागे राहिला, तर सभासदांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून फॉन्टही सोबत न्यावा आणि मजकूर सवडीने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. जुना प्रोग्रॅमच हवा असेल तर डिस्कटूव्हीएचडी हे मायक्रोसॉफ्टचे मोफत साधन डिस्कची आभासी प्रत काढते. ती नव्या संगणकातच, एका खिडकीत, जुन्या संगणकासारखी चालविता येते. तिला इंटरनेट मात्र जोडू नये. प्रिंटरच्या पोर्टला लागणारे डोंगल असेल तर हा मार्गही अडतो, कारण नव्या यंत्रांत ते पोर्ट सहसा नसते.

काम झाल्यावर टॅली करावी. फायलींची संख्या जुळवावी, सर्वांत जुन्या वर्षाचा जमाखर्च उघडून पाहावा, दहा-वीस नावे वाचावीत. जुन्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी लावून ती पुढील ऑडिटपर्यंत कपाटात ठेवावी. त्यानंतर जुना संगणक भंगारात द्यायचा झाल्यास डिस्क काढून घ्यावी वा पूर्ण पुसावी, कारण तीवर सभासदांचे पत्ते व खातेक्रमांक असतात.