डोंगरावरचं पाणी कुठं जातं?

यंदा आम्ही बचत गटाच्या बाया धारणीहून हरिसाल, सेमाडोहमार्गे चिखलदऱ्याला गेलो. भीमकुंड पाहिलं, गाविलगड फिरलो, देवी पॉइंटला खडकातून झिरपणारं पाणी ओंजळीत घेतलं. मग वैराट गाठलं. उंची सुमारे ११७८ मीटर, गाविलगडाच्या रांगेतलं सर्वांत उंच ठिकाण.

या रांगेवरचा पाऊस दोन वाटांनी उतरतो. उत्तरेचं पाणी सिपनेतून, आपल्या गावांजवळून तापीला मिळतं. दक्षिणेचं चंद्रभागेतून दर्यापूरकडं, मग पूर्णेत जातं; आणि पूर्णाही पुढं तापीलाच मिळते. वर मेळघाट, खाली वऱ्हाड, डोंगर मात्र एकच.

म्हणून एक सांगणं. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. आग पसरली की जमीन उघडी पडते, पाऊस मुरत नाही, माती वाहून जाते. उन्हाळ्यात घागर घेऊन लांब जावं लागतं ते आपल्यालाच. आम्ही ठरवलं आहे, पाला झाडून बाजूला सारायचा किंवा झाडाखाली जुनं लुगडं अंथरायचं. फुलंही स्वच्छ मिळतात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?