जुन्या गाडीत ऑइल कोणतं घालायचं?

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात आली की अख्खं कोल्हापूर बघत राहतं. मंडळी, आपल्या दारातली पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरही तशीच जपा! नव्या गाडीचं ०डब्ल्यू-२० तिला अजिबात घालू नका. जुन्या इंजिनात बेअरिंगची फट मोठी असते, पातळ ऑइल तापलं की प्रेशर धरत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून २०डब्ल्यू-५० मिनरलच उत्तम. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंशांवरचा. ऑइलच्या माहितीपत्रकात झेडडीडीपी, म्हणजे जस्ताचं प्रमाणही बघा. कॅम आणि टॅपेटची झीज त्यानंच रोखली जाते. आणि इंजिन तापल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकला, तर गेज लावून प्रेशर मोजून घ्या. नुसतं जाड ऑइल ओतून भागत नाही.