‘ब्रिगांतींची वाट’ : एका विसरलेल्या सरहद्दीचा इतिहास आणि सात दिवसांची पायपीट

इटलीच्या एकीकरणाचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. मॅझिनीच्या लेखनाचा सावरकरांनी केलेला मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि सरकारने त्यावर बंदी घातली. मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे आपल्या स्वातंत्र्यचळवळीच्या परिभाषेत मिसळून गेली. या परिचयाची एक मर्यादा मात्र आजही जाणवते. मार्च १८६१ मध्ये इटलीचे राज्य घोषित झाले, येथे आपली कथा बहुधा संपते. त्यानंतरच्या दशकात त्याच देशाच्या दक्षिणेत नव्या राज्यसत्तेविरुद्ध जो सशस्त्र उठाव झाला, त्याची दखल आपल्याकडे क्वचितच घेतली जाते. इटालियन इतिहासात त्या उठावाला ‘ब्रिगांताज्जो’ म्हणजे लुटारूंचा उच्छाद असे नाव पडले. ज्या डोंगराळ मुलखात तो घडला, त्याच्या एका भागातून आज ‘काम्मीनो देइ ब्रिगांती’ म्हणजे ‘ब्रिगांतींची वाट’ या नावाचा पदभ्रमणमार्ग जातो. ही वाट आणि तिच्या नावामागील इतिहास यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोमच्या पूर्वेस, आब्रुत्सो आणि लात्सिओ या प्रांतांच्या सीमेवर ही वाट वर्तुळाकार फिरते. सांते मारिए या लहानशा गावातून निघून ती सुमारे १०० किलोमीटरनंतर त्याच गावी परत येते व त्यास साधारण सात दिवस लागतात. रोमहून पेस्काराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे गाव आहे. चाल मुख्यतः ८०० ते १३०० मीटर उंचीवरची, ओक-बीचच्या रानातून आणि मेंढपाळांच्या जुन्या पायवाटांवरून होते. सांतो स्तेफानो, नेशे, कार्तोरे, रोशोलो, माल्यानो ही वाटेवरची गावे होत. कार्तोरे तर जवळजवळ ओस पडलेली वस्ती आहे. तेथून दमदार चालणाऱ्यांना १७८८ मीटर उंचीवरील दुकेस्सा सरोवरापर्यंत चढून जाता येते. रोशोलोजवळ वेलीनो पर्वताच्या पायथ्याशी सांता मारिआ इन व्हाल्ले पोर्क्लानेता हे अकराव्या शतकातील चर्च आहे. त्यातील बाराव्या शतकातल्या कोरीव प्रवचनपीठासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, इतके ते सुंदर आहे.

ही वाट नेमकी येथेच का? याचे उत्तर भूगोलात आहे. १८६० पूर्वी हा मुलूख बूर्बोन घराण्याच्या नेपल्सच्या राज्याची उत्तर सरहद्द होता आणि पलीकडे पोपचे राज्य होते. १८४० च्या करारानुसार ही सरहद्द निश्चित झाली व काही वर्षांत तिच्यावर दगडी खांब उभे राहिले. खांबाच्या एका बाजूस पोपच्या किल्ल्या आणि दुसऱ्या बाजूस बूर्बोनांचे लिलीचे फूल कोरलेले असे. येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. चालणारा आज ज्या प्रांतसीमेवरून जातो ती ही जुनी सरहद्द नव्हे. नेशे व कार्तोरे ही आज लात्सिओत असलेली गावेही पूर्वी नेपल्सच्याच राज्यात होती. १९२० च्या दशकात तो भाग लात्सिओला जोडला गेला. जुनी सरहद्द त्याहून पश्चिमेस होती. पर्यटनपत्रकांत या दोन रेषांची सरमिसळ सहज होते.

फेब्रुवारी १८६१ मध्ये गाएताचा किल्ला पडल्यावर नेपल्सचा पदच्युत राजा दुसरा फ्रान्सिस रोममध्ये पोपच्या आश्रयास गेला. नेपल्सचे राज्य इटलीत विलीन झाले. पोपचे रोम मात्र २० सप्टेंबर १८७० पर्यंत स्वतंत्र राहिले. परिणामी ही सरहद्द आणखी जवळजवळ दहा वर्षे जिवंत राहिली, आणि उठावाचा येथील दीर्घायुषीपणा बराचसा तिच्यामुळे होता. अलीकडे छापा घालावा, पलीकडे आश्रय घ्यावा, हे सरहद्दीने शक्य केले. विखुरलेले बूर्बोन सैनिक, नव्या सक्तीच्या लष्करभरतीतून पळालेले तरुण, आणि सामाईक गायराने बड्या जमीनदारांच्या घशात गेल्याने हतबल झालेले शेतकरी-मेंढपाळ यांतून टोळ्या तयार झाल्या. त्यांत निव्वळ लुटारूही होतेच.

सांते मारिएजवळच्या लुप्पा येथे घडलेला प्रसंग या साऱ्या गुंतागुंतीचे दर्शन घडवतो. होसे बोर्हेस हा कॅटालन सेनानी बूर्बोन सत्तेच्या पुनःस्थापनेसाठी सप्टेंबर १८६१ मध्ये मूठभर सोबत्यांसह कालाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. बाझिलिकाता भागातील प्रसिद्ध टोळीनायक कार्मिने क्रोक्को याच्याशी त्याने हातमिळवणी केली. परंतु लष्करी शिस्तीचा सेनानी आणि स्वतंत्र बाण्याचा नायक यांचे जमले नाही. निराश झालेला बोर्हेस रोमकडे निघाला. पोपची हद्द काही तासांच्या अंतरावर असताना लुप्पातील एका शेतघरात इटालियन सैनिकांनी त्याला गाठले आणि ८ डिसेंबर १८६१ रोजी तालियाकोत्सो येथे कोणत्याही खटल्याविना गोळ्या घातल्या. त्याची दैनंदिनी सैनिकांच्या हाती लागली व पुढे प्रसिद्ध झाली. ज्यांना तो राजनिष्ठ सैनिक समजून आला होता, त्यांच्याविषयीचा त्याचा भ्रमनिरास तीत नोंदलेला आहे. क्रोक्कोची गत वेगळी झाली. १८६४ मध्ये तो पोपच्या राज्यात शिरला, पण तेथेही त्याला तुरुंगच मिळाला. १८७२ मध्ये झालेली फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली गेली व १९०५ साली तो बंदिवासातच मरण पावला.

शासनाने या उठावाला राजकीय प्रश्न न मानता गुन्हेगारी मानले. ‘ब्रिगांते’ हा शब्द येथे कळीचा ठरतो. नेपल्समधील आपल्या विरोधकांसाठी फ्रेंचांनीही शतकाच्या आरंभी तोच शब्द वापरला होता, आणि एकदा तो चिकटला की खटल्याची गरज उरत नाही. १५ ऑगस्ट १८६३ च्या पीका कायद्याने उपद्रवग्रस्त जिल्ह्यांत लष्करी न्यायालये आणली. संशयितांना व त्यांना आसरा देणाऱ्यांना कठोर शिक्षा ठरवल्या. दक्षिणेत सुमारे एक लाख सैन्य गुंतले. विशेष म्हणजे त्याच वर्षी संसदेपुढे आलेल्या मास्सारी समितीच्या अहवालाने ग्रामीण दारिद्र्य आणि जमिनीचा प्रश्न ही उच्छादाची मुळे असल्याचे मान्य केले होते. निदान बरोबर झाले होते. उपचार मात्र बंदुकीचा झाला. मृतांच्या संख्येविषयी इतिहासकारांत आजही तीव्र मतभेद आहेत, आणि दक्षिणेच्या अभिमानातून पुढे आलेले फुगीर आकडे स्वीकारणे हेही शासकीय कागद निमूटपणे स्वीकारण्याइतकेच अनैतिहासिक ठरेल.

एरिक हॉब्सबॉम यांनी १९५९ व १९६९ च्या ग्रंथांतून मांडलेली ‘सामाजिक दरोडेखोरा’ची संकल्पना अशा वाटांच्या कल्पनेस पोषक ठरते. शासन ज्याला गुन्हेगार म्हणते, त्याला शेतकरी आपला कैवारी मानतो, असा तिचा आशय आहे. तथापि अँटन ब्लॉक यांनी १९७२ मध्ये घेतलेला आक्षेपही तितकाच मोलाचा आहे: बहुतेक टोळ्या कोणा ना कोणा बलवंताच्या आश्रयाने जगल्या, आणि त्यांची झळ प्रथम शेतकऱ्यालाच लागली. खंडणीसाठी पळवलेला मेंढपाळ किंवा जाळलेले खळे यांचे स्मारक वाटेवर सहसा नसते. चालणाऱ्याच्या हाती येतो तो ‘साल्व्होकोन्दोत्तो’, म्हणजे अभयपत्राच्या धर्तीवरचा परवाना. मुक्कामागणिक त्यावर शिक्का मारून घ्यायचा, ही गंमत मोठी लोभस आहे. परंतु त्या काळी हद्दीवरील गावकऱ्यास असा कागद कोणाकडून मिळवावा, सैन्याकडून की टोळीकडून, हा जिवावरचा प्रश्न होता.

असे असले तरी या वाटेचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. १९१५ च्या भूकंपाने मार्सिका प्रदेश उद्ध्वस्त झाला, स्थलांतराने गावे रिकामी झाली. आज मुक्कामाच्या घरांतून पाहुण्यांसाठी चूल पेटते ती या बदनाम नावाच्या आधारानेच. सांते मारिए येथील संग्रहालयाने आपल्या नावात ‘ब्रिगांताज्जो’ आणि ‘इटलीचे ऐक्य’ हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत. वाट जेथे सुरू होते आणि जेथे संपते, तेथेच ते आहे. निघण्यापूर्वी पाहावे की परतल्यावर, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते निघण्यापूर्वीच पाहावे.