आधी बसतो कसा ते पाहा, मग वाजतो कसा ते ऐका!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. दोन मैत्रिणी एकाच दुकानात जातात. एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा, वायरचा इअरफोन घेतात. तोच, कानाच्या भोकात रबर घालून बसवायचा. घरी येऊन दोघी एकच गाणं लावतात. पहिली म्हणते, "वा! डग्गा काय घुमतोय!" दुसरी तोंड वाकडं करते, "छे! नुसतं पत्र्याचं डबडं वाजतंय." इअरफोन दोन्ही चांगले, गाणं तेच, मोबाइलही सारखाच. मग फरक पडला कुठे?

फरक पडला कानात! पहिलीच्या कानात इअरफोनचं रबर नीट बसलं होतं. दुसरीच्या कानात ते सैल होतं. बस्स, एवढंच.

गंमत पाहा. चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. शाळेचा गणवेश घेताना हात वर-खाली करून बघतो. पण इअरफोन घेताना काय बघतो? रंग! फार तर किंमत. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवरून सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी घरांत कंपासपेटीशेजारी इअरफोनही येऊन बसला. मग त्याची पारख करायला नको का? चला तर, आज शिकूया.

सायकलच्या पंपाचा धडा

इअरफोनच्या पोटात काय असतं? एक छोटासा लोहचुंबक, बारीक तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. मोबाइलमधून वीज आली की वेटोळं पुढं-मागं हलतं, त्याबरोबर पडदा थरथरतो आणि आवाज होतो. मिरवणुकीतल्या मोठ्या स्पीकरमध्येही हेच असतं. पण तिथला पडदा ताटाएवढा आणि इथला शर्टाच्या बटणाएवढा! मग एवढासा पडदा डग्ग्याचा खर्ज कसा काय ऐकवतो?

याचं उत्तर सायकलच्या पंपात आहे. पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दांडा हळूच खाली ढकला. हवा दाबली जाते, बोटाला जोर लागतो. आता बोट जरा सैल करा आणि पुन्हा हळूच ढकला. फुस्स! हवा फटीतून निघून गेली, जोर लागलाच नाही. पण तीच फट ठेवून दांडा झटक्यात ढकलला तर? थोडा तरी जोर लागतो. कारण सगळी हवा निसटायला वेळच मिळत नाही.

कानाचंही तसंच आहे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, तुमची त्याहून लहान. रबर घट्ट बसलं की त्या नळीत चिमूटभर हवा कोंडली जाते. एवढीशी हवा हलवायला बटणाएवढा पडदा पुरेसा होतो. पण फट राहिली तर खर्जाची हळू कंपनं फटीतून निसटतात आणि वरच्या पट्टीची वेगवान कंपनं तेवढी उरतात. आपल्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकू येतात. सैल रबरामुळे त्यातला खालचा भाग गळतो, म्हणून गाणं पत्र्यासारखं वाजतं. दोष इअरफोनचा नाही, फटीचा!

ही कल्पना मुळात गाण्यासाठी नव्हतीच

तुम्हाला ठाऊक आहे का, कानाच्या नळीत बसणारे असे फोन आधी कान तपासण्यासाठी वापरले जात होते? अमेरिकेत शिकागो शहराजवळ एटिमॉटिक रिसर्च नावाची कंपनी उभी राहिली. कानाचे शास्त्रज्ञ मीड किलियन यांनी ती १९८३ साली सुरू केली. ऐकू किती येतं हे मोजण्यासाठी त्यांनी नळीत बसणारे फोन बनवले होते. त्याच अनुभवावर १९९१ साली त्यांच्या कंपनीने गाणी ऐकण्यासाठी ईआर-४ नावाचा इअरफोन आणला. त्याच्या रबराला एकावर एक अशा तीन झालरी होत्या, जणू लहानसं सुरूचं झाड! हे झाड कानात बरंच आत बसवावं लागे. कित्येकांना ते टोचल्यासारखं वाटे. पण नीट बसलं की आवाज इतका स्वच्छ येई, की जाणकार लोक आजही त्याचं नाव काढतात. बघा, कान तपासणाऱ्यांनीसुद्धा आधी बसण्याचाच विचार केला!

पहिली परीक्षा : बसतो कसा?

इअरफोनच्या पुडीत बहुधा रबराच्या तीन जोड्या असतात : लहान, मध्यम आणि मोठी. कंपनीने मध्यम रबर आधीच लावून दिलेलं असतं. पुष्कळ जण तेच कायम वापरतात आणि बाकीच्या जोड्या पुडीबरोबर कचऱ्यात जातात. तसं करू नका. मुलांच्या कानाला अनेकदा लहान रबरच नीट बसतं.

घालायची रीतही आहे बरं का! उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून मागे न्या आणि उजव्या कानाची पाळी हलकेच वर व मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती त्यामुळे जराशी सरळ होते. मग इअरफोन हळूच फिरवत आत घाला आणि कान सोडा. जोर लावायचा नाही, दुखलं तर थांबायचं. काढतानाही वायर धरून हिसका द्यायचा नाही. इअरफोन धरून, हळूच फिरवत बाहेर काढायचा.

आता एक मजेशीर प्रयोग. आधी इअरफोन बाजूला ठेवा. तोंड मिटून "म्म्म्म" असं गुणगुणा. गुणगुणत असतानाच एका कानावर बोट ठेवून तो अलगद बंद करा. काय झालं? आवाज टुणकन उडी मारून त्या बंद कानात गेला! आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा सगळा वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणत होता. कान बंद केला की आपल्याच हाडांतून आलेला आवाज आत कोंडतो, म्हणून तो मोठा वाटतो. कानाचे डॉक्टर ज्या 'बिंग चाचणी'ने ऐकणं तपासतात, तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

ही युक्ती आपल्या कामाची आहे. दोन्ही कानांत इअरफोन घाला, गाणं लावू नका, आणि गुणगुणा. आवाज डोक्याच्या मधोमध, घुमल्यासारखा आला तर दोन्ही रबरं नीट बसली. तो एकाच बाजूला गेला तर दुसऱ्या बाजूला फट आहे. तिथे रबर बदलून बघा. दोन कान अगदी सारखे असतीलच असं नाही. डाव्याला लहान आणि उजव्याला मध्यम रबर लागलं तर खुशाल तसं लावा. त्यात काही चूक नाही.

आता मान डोलवा. तोंडात घास असल्यासारखं चावा. इअरफोन निसटला तर रबर लहान आहे. दहा-पंधरा मिनिटांत कान दुखायला लागला तर रबर मोठं आहे. चांगलं बसलेलं रबर विसरायला होतं, ते कानात आहे हेसुद्धा आठवत नाही!

दुसरी परीक्षा : वाजतो कसा?

आता गाणं लावा. पण कुठलं? नवं नको. ज्याची ओळ न् ओळ तुम्हाला पाठ आहे, असं जुनं ओळखीचं गाणं निवडा. ओळखीच्या माणसाचा आवाज जरा जरी बदलला तरी आपल्याला लगेच कळतं ना? तसंच हे. खोली शांत असू द्या आणि या पाच गोष्टी एकेक करून ऐका.

१. डग्गा किंवा ढोल : घुमारा गोल आणि मोकळा यायला हवा. नुसता 'टक टक' आला तर पुन्हा रबर तपासा. उलट, डग्गा इतका धमधमला की गाण्याचे शब्दच झाकले गेले, तर तेही बरं नाही.

२. गाणाऱ्याचा आवाज : तो समोर बसून गातो आहे असं वाटावं. भिंतीपलीकडून किंवा उशीखालून आल्यासारखं वाटू नये.

३. 'स' आणि 'श' : ही अक्षरं कानाला टोचली, शिट्टीसारखी झाली, तर तो इअरफोन तासभर ऐकवणार नाही.

४. टाळ, मंजिरी, घुंगरू : किणकिण वेगळी ऐकू यावी आणि हळूहळू विरत जावी. नुसतं 'खस्स' वाजून संपू नये.

५. डावं-उजवं : इअरफोनवर डाव्यासाठी 'एल' आणि उजव्यासाठी 'आर' ही इंग्रजी अक्षरं असतात. गाणाऱ्याचा आवाज बहुधा मधोमध येतो. तो एकीकडे झुकला तर आधी रबर पाहा, मग जाळीत मळ अडकलाय का ते पाहा. आता इअरफोनची अदलाबदल करा, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. आवाजही बाजू बदलून गेला तर खोट इअरफोनमध्ये आहे.

वायरलाही परीक्षा आहे. चालताना ती शर्टाला घासली की कानात 'खर्रर्र' होतं. वायर कानावरून मागे वळवून घेतली, किंवा चिमट्याने कॉलरला अडकवली, की हा त्रास बराच कमी होतो. पिनेपाशी वायर हलवून पाहा. आवाज येत-जात असेल तर आतली तार तुटत आली आहे.

एक फसवी गोष्टही सांगून ठेवते. दोन इअरफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवा. जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. आपला कान असा भोळा आहे!

मोठा आवाज आणि न उगवणारे केस

आता खरी महत्त्वाची गोष्ट. इअरफोन सैल बसला की आपण काय करतो? रबर बदलत नाही, आवाज वाढवतो! खर्ज गळलेला असतो, बाहेरचा गोंगाट आत येत असतो. एसटीत बसलं की बोट आपोआप बटणाकडे जातं, अजून थोडा, अजून थोडा...

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म पेशी असतात. त्यांना केसांसारखे तुरे असतात, म्हणून त्यांना केशपेशी म्हणतात. त्याच आवाजाची खबर मेंदूला देतात. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला तर त्या मरतात. कोंबडीच्या पिलाच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात मात्र उगवत नाहीत. दुधाचे दात पडले तर नवे येतात, केशपेशी गेली ती गेलीच. आणि हे दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी हिशेब सांगितला आहे. ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा! म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास. पुढचे आकडे तुम्हीच काढा, गणिताचा सराव होईल. संघटनेचा सोपा सल्ला असा, की मोबाइलचा आवाज पूर्ण क्षमतेच्या ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये.

माझा तुम्हाला एक नियम. घरी शांत खोलीत, नीट बसलेल्या इअरफोनवर, शब्द स्पष्ट कळतील असा कमीत कमी आवाज ठरवा. रेघा मोजा आणि लक्षात ठेवा. गोंगाटात गेलात तरी त्या पुढे जायचं नाही. तिथे ऐकू येत नसेल तर आधी रबर तपासा. तरीही येत नसेल तर इअरफोन खिशात! खिडकीबाहेर बघायला पुष्कळ असतं.

आणि हो, नीट बसलेला इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो, हा त्याचा गुणही आणि धोकाही. रस्त्यावर, सायकलवर, रेल्वे फाटकाजवळ तो कानात नकोच. हॉर्न ऐकू आला पाहिजे.

आई-बाबांसाठी चार शब्द

पालकहो, दुकानदार बहुधा पुडी फोडून कानात घालू देत नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. म्हणून पुडीत रबराच्या तीन जोड्या आहेत ना, ते पाहा. नीट न वाजल्यास बदलून मिळेल का, तेही आधी विचारा. शे-दोनशे रुपयांचा इअरफोनसुद्धा नीट बसला तर अभ्यासाला पुरतो. आणि महागातला सैल बसला तर पैसे वाया.

बऱ्याच मोबाइलमध्ये आवाजाची मर्यादा ठरवायची सोय असते, ती वापरा. भावंडांना एकच इअरफोन वापरावा लागत असेल तर प्रत्येकाची रबरं वेगळी ठेवा. रबर काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत लावा. जाळी कोरड्या फडक्याने पुसा. कानात मात्र काडी, पिन काही घालू नका. मूल वारंवार "काय? काय?" विचारू लागलं किंवा कानात 'शीं' आवाज येतो म्हणालं, तर रागावू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

काय दोस्तांनो, आज घरातला इअरफोन काढणार ना? पुडीत उरलेली ती छोटी रबरं शोधा, गुणगुणून पाहा आणि मोबाइलच्या आवाजाच्या किती रेघा कमी करता आल्या ते मोजा. उद्या शेजारच्या मित्रालाही विचारा, "तुझ्या किती कमी झाल्या?"