भागीचं घोडं कुणी सांभाळायचं?

‘शाश्वतता’ हा शब्द आता कंपन्यांच्या अहवालांत हमखास दिसतो. सेबीने मे २०२१ मध्ये त्यासाठी अहवालाचा नवा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून तो शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा केला. बीआरएसआर या नावाने तो ओळखला जातो. वीज किती वापरली, पाणी किती उपसलं, कचऱ्याचं काय केलं, कामगार सुरक्षित आहेत का, अशी नऊ तत्त्वांखालची माहिती त्यात भरावी लागते. या सगळ्याची सर्वोच्च जबाबदारी कुणाकडे, असाही प्रश्न त्यात आहे. तिथे एखाद्या संचालकांचं नाव लिहिलं की उत्तर होतं. पण संचालक काही भट्टीचं झाकण लावायला येत नाहीत. रोजचं काम कोणत्या विभागाने करायचं, हे ज्याच्या त्याच्या कारखान्यालाच ठरवावं लागतं.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मी हिशेब विभागात काम करते. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना सेबीचा नियम थेट लागू नाही. पण आमची कास्टिंग्ज घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो लागू आहे आणि त्या आपल्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवू लागल्या आहेत. आज ती भरून दिली की भागतं. उद्या दोन फाउंड्र्यांचे दर सारखे आले, तर ज्याचे आकडे चांगले त्याला ऑर्डर जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्या गावातल्या किती घरांची चूल या भट्ट्यांवर पेटते, हे तुम्हाला माहीत आहेच.

अशी प्रश्नावली आली की पुष्कळ ठिकाणी ती पर्यावरणाची कागदपत्रं बघणाऱ्या एका माणसाच्या टेबलावर जाते. तो प्रत्येक विभागाच्या मागे लागून आकडे गोळा करतो. पण भंगार कोणतं घ्यायचं हे त्याच्या हातात नसतं, कंप्रेसर कधी दुरुस्त करायचा हेही नसतं. काही ठिकाणी उलट होतं. ‘शाश्वतता ही आपणा सर्वांची जबाबदारी’ अशी पाटी लागते आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. भागीचं घोडं किवणाने मेलं, असं आपल्याकडे म्हणतात. मालक चार असले की जखम धुवायला एकही येत नाही.

विजेचं उदाहरण घेऊ. फाउंड्रीत सगळ्यात जास्त वीज लोखंड वितळवायला लागते, म्हणून बिल वाढलं की बोट मेल्टिंग विभागाकडे जातं. पण ओतलेलं सगळं लोखंड विकलं जात नाही. साच्यात रस नेणाऱ्या वाटा म्हणजे रनर, आणि कास्टिंग आकसताना रस पुरवणारे रायझर, हे तोडून पुन्हा वितळवावे लागतात. समजा, एक टन लोखंड वितळवायला ६०० युनिट लागतात आणि ओतलेल्या रसापैकी ६० टक्केच चांगलं कास्टिंग होतं. मग एक टन विकाऊ मालाला १००० युनिट पडतात. तेच प्रमाण ६५ टक्के झालं, तर सुमारे ९२३ युनिट पुरतात. भट्टी तीच, माणसं तीच, आणि टनामागे ७७ युनिट वाचले. ही बचत मेल्टिंगवाल्याच्या हातात नाही. रनर-रायझर किती मोठे ठेवायचे हे पॅटर्न आणि मेथडिंगचा विभाग ठरवतो.

आता खरेदी विभाग. त्यांना शाबासकी स्वस्त मालाबद्दल मिळते. मातीचं, गंजलेलं, तेलकट भंगार स्वस्त मिळतं. मात्र त्यातून स्लॅग जास्त निघतो, धूर होतो आणि वीजही जास्त जाते. म्हणजे बचत खरेदीच्या खात्यावर जमा आणि खर्च मेल्टिंगच्या नावावर. विक्री विभागाने ‘उद्या देतो’ म्हणून शब्द दिला की साचे पुरेसे तयार नसतानाही भट्टी लागते आणि रस तसाच गरम ठेवावा लागतो. ती वीजही मेल्टिंगच्याच नावावर चढते.

विजेचं नुकसान निदान पैशांत मोजता येतं. वाळूच्या धुळीचं तसं नाही. फाउंड्रीच्या वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. धूळ ओढणारं यंत्र मेंटेनन्सचं, मास्क खरेदीचे, मास्क लावला की नाही हे पाहणं सुपरवायझरचं, तपासणी एचआरची. चौघांनी आपापला कागद पूर्ण केला तरी धूळ तेवढीच असू शकते. म्हणून ‘हवेतली धूळ इतक्याखाली’ या एका आकड्याला एकच धनी हवा. बाकीच्यांनी त्याला मदत करायची, आणि धूळ वाढली तर काम थांबवायचा अधिकार त्याला द्यायचा.

माझ्या मते वाटणीचा नियम सोपा आहे. आकडा ज्याच्या निर्णयाने हलतो, जबाबदारी त्याची. विकाऊ मालाचं प्रमाण मेथडिंगचं. भट्टीचं झाकण आणि रस ताटकळण्याचा वेळ मेल्टिंगचा. हवेची गळती मेंटेनन्सची. भंगाराचा दर्जा खरेदीचा. त्यांची शाबासकी किलोच्या भावावर न ठरता वितळवून पडणाऱ्या खर्चावर ठरावी. आमच्या हिशेब विभागाचं काम हा खर्च योग्य विभागाच्या नावावर टाकण्याचं. पर्यावरण अधिकाऱ्याने आकडे तपासावेत आणि दर महिन्याला सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं. दुसऱ्यांची कामं त्याच्या गळ्यात घालू नयेत.

मोठ्या कंपन्यांनीही हेच वेगळ्या मार्गाने केलं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ पासून आपल्या विभागांना त्यांच्या कार्बन उत्सर्जनासाठी अंतर्गत शुल्क लावलं. विमानप्रवास ज्या विभागाचा, त्याच्याच बजेटमधून पैसे जातात. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये टनाला १० डॉलर असा अंतर्गत कार्बनदर ठरवला. खर्च स्वतःच्या खात्यावर दिसू लागला की विभागप्रमुखाला भाषणाची गरज उरत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आज पुण्याला, बंगळुरूला नोकरी करताहेत. ‘सस्टेनेबिलिटी’ असं लिहिलेलं पद उद्या तुमच्याकडेही येईल. ते जरूर स्वीकारा. पण पगाराबरोबर हेही विचारून घ्या की कोणता आकडा कोणत्या विभागाच्या नावावर लिहिला आहे, तो बिघडला तर त्या विभागप्रमुखाच्या वार्षिक मूल्यमापनात दिसतो का, आणि तुम्हाला कुणाला ‘थांबा’ म्हणता येतं. उत्तरं मिळाली नाहीत, तर पहिल्या महिन्याचं काम तेच समजा. सगळे विभाग कागदावर मांडा, प्रत्येक आकड्यापुढे एकच नाव लिहा आणि त्या माणसाची सही घ्या. अहवाल त्यानंतर भरायला घ्या.