शेवटचे कडवे कुठे गेले?

एप्रिल महिना लागला की जालना शहरात आणि बदनापूर, भोकरदन, परतूरकडच्या गावांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी, मंडप, मिरवणूक हे विषय तासाभरात मिटतात. पण भीमगीतांची सर्वांत मोलाची कॅसेट कोणती, हा वाद मात्र मध्यरात्र झाली तरी मिटत नाही. कॅसेटी इतिहासजमा झाल्या, तरी आमच्या मंडळींतला हा वाद अजून ताजा आहे.

आमच्यात तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष प्रल्हाद शिंदे यांचा. त्यांच्या कव्वालीची टीप लागली की ढोलकी वाजवणाराही भान विसरे, असे हे लोक सांगतात. दुसऱ्या पक्षाचा त्यावर आक्षेप ठरलेला असतो : "त्यांनी विठ्ठलाचीही गाणी गायली, त्याचे काय?" आम्हांला वाटते, गायकाला पोट असते. त्या आवाजाने बाबासाहेब घरोघरी पोचवले, हे विसरून कसे चालेल? त्यांची मुले आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श यांनी हाच वारसा पुढे नेला. तिसरा पक्ष लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर ते व्यासपीठावरच कोसळले आणि आपल्याला सोडून गेले. त्यांचे नाव निघाले की क्षणभर सगळेच गप्प होतात.

दुसरा पक्ष महाकवी वामनदादा कर्डक यांचा. दादांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. तरुणपणी मुंबईत आल्यावर ते अक्षरे शिकले आणि पुढे आयुष्यभर गावोगाव गात फिरले. त्यांचे चाहते म्हणतात, दादांना कॅसेटीवर मोजूच नका. कॅसेटीच्या एका बाजूला साधारण तीस मिनिटे, त्यात पाच-सहा गाणी बसवायची. रात्रभर रंगणारे गायन त्यात मावणार कसे?

हे बोलणे आम्ही पूर्वी हसण्यावारी नेत होतो. एका बैठकीत मात्र आमचे डोळे उघडले. एका आवडत्या गाण्यावरून जुंपली होती. हे गाणे गायकाचेच, असे आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. पुराव्यासाठी कॅसेटीच्या डबीतला कागद काढला. त्यावर गायकाचे नाव ठळक, संगीतकाराचे नाव बारीक आणि कवीचे नावच नाही! तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका वयोवृद्ध गायकाने कॅसेटीत नसलेले शेवटचे कडवे म्हणून दाखवले. त्यात 'वामन' हे नाव होते. दादा आपल्या गाण्यांच्या शेवटी नाव गुंफत असत. वेळ वाचवायला शेवटचे कडवे कापले आणि त्याबरोबर कवीच कापला गेला. वर्षानुवर्षे आम्ही ते गाणे गात होतो, पण ते कुणाचे हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या रात्री आम्हांला आमचीच लाज वाटली.

आमच्या मायबहिणी तर याहून पुढचे बोलतात. एक आजी म्हणाल्या, "तुमच्या कॅसेटी मागून आल्या. आम्ही जात्यावर बाबासाहेब आधी गायला." हे खरेच आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावला १९९६ साली हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांच्या चमूने बाया-माणसांच्या अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. गाणाऱ्या बायांची नावेही नोंदवून ठेवली. म्हणूनच आज त्या ओव्यांबरोबर त्या बायांचीही ओळख टिकली आहे. बाजारातल्या कॅसेटीने जे केले नाही, ते एका साध्या नोंदीने केले.

२००४ साली वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे, दोघेही थोड्याच आठवड्यांच्या अंतराने गेले. आता गाणी मोबाइलवर ऐकली जातात. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात त्याच वाटेने घराघरांत पोचल्या, याचा आनंद आहे. परंतु मोबाइलवर गाणे पुढे पाठवताना ते कुणी लिहिले, हे किती जण सांगतात?

बंधू-भगिनींनो, कॅसेटीची फीत दमट हवेने बुरसते, ताणते, तुटते. घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या उतरवून घ्या, आणि डबीतला कागद फेकू नका. घरातल्या म्हाताऱ्यांना गाण्याचे शेवटचे कडवे विचारा आणि वहीत लिहून ठेवा, कवीच्या नावासकट. सर्वांत मोलाची कॅसेट कोणती, हा वाद आम्ही पुढच्या एप्रिलमध्येही घालणार आहोत. फक्त यापुढे आमच्यात एक नियम ठरला आहे : गाण्याचे नाव घेणाऱ्याने आधी कवीचे नाव सांगायचे. ज्याला ते सांगता येणार नाही, त्याने त्या रात्रीचा सगळ्यांचा चहा पाजायचा. पहिल्या वर्षी तो चहा आम्हीच पाजला.