आजी-आजोबांची नखे कापताना

घरातील ज्येष्ठांची नखे कापून देताना ती उजेडात क्षणभर नीट न्याहाळावीत. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सुमारे सहा महिने लागतात. या काळात शरीराने जे सोसले, त्याची खूण नखावर राहते. मोठ्या तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर नखावर उमटणारी आडवी खाच ही अशीच खूण होय.

२०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात अनेकांचे केस एकाएकी गळू लागले. पुढे काही महिन्यांनी त्यांच्यापैकी काहींची नखेही विद्रूप झाली. तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले.

देवरीसारख्या धानपट्ट्यात कारणे निराळी असतात. रोवणीच्या दिवसांत हातपाय सतत चिखलपाण्यात राहिल्याने नखांच्या कडा सुजतात, बुरशी लागून नख पिवळे व जाड होते. मधुमेह असणाऱ्यांनी पायाच्या अशा नखाची विशेष काळजी घ्यावी. तेथील बारीकशी जखमही चिघळू शकते.

नख चमच्यासारखे खोलगट झाले असेल, तर लोहाची कमतरता संभवते. वृद्धांमध्ये पोटात नकळत होणारा रक्तस्राव हेही तिचे कारण असू शकते. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेल आढळतो. म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू न करता आधी रक्त तपासून घ्यावे.

वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन्ही तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून धरावीत. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली असेल व बोटांची टोके फुगली असतील, तर फुप्फुसे आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी. एकाच नखावर नवी काळी उभी पट्टी उमटून रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब लावू नये.

मात्र उतारवयात नखांवर येणाऱ्या बारीक उभ्या रेषा सुरकुत्यांइतक्याच स्वाभाविक असतात; त्यांची धास्ती नको. नख केवळ इशारा देते, निदान डॉक्टरांनीच करायचे असते. त्यांच्याकडे जाताना नखांवरील रंग काढून जावे. नखे निळसर पडली आणि धापही लागत असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ वर दूरध्वनी करावा.